जुनी मोटार : भाव दिसणाऱ्याचा, भुर्दंड न दिसणाऱ्याचा

जुन्या मोटारींच्या बाजारात एक गाडी हमखास भेटते. वय आठ-नऊ वर्षे, मीटरवर सव्वा लाख किलोमीटर, पुढच्या डाव्या बाजूला ठोकर लागलेली, बंपर कसाबसा जागेवर धरलेला, हेडलाइटची काच तडकलेली आणि दाराचा पत्रा आत गेलेला. ‘इंजिन एकदम ओके आहे, फक्त बॉडीचे काम’ असे विकणारा सांगतो. मागितलेली किंमत बाजारभावापेक्षा चाळीस-पन्नास हजारांनी कमी असते. पहिल्यांदाच मोटार घेऊ पाहणाऱ्या कुटुंबाला हा सौदा मोह घालतो. डेंटिंग-पेंटिंगवर वीस-पंचवीस हजार खर्च केले की गाडी उभी राहील आणि वर वीस हजार वाचतील, असा हिशेब घरबसल्या मांडला जातो. यातले किती हिशेब पुढे फसतात, याची नोंद कोठेही होत नाही.

अशा गाडीला नेमके किती रुपये सांगायचे, हा वरवर पाहता दोन माणसांमधला खासगी प्रश्न आहे. प्रत्यक्षात मात्र त्याच्या उत्तरात करधोरण, विम्याचे नियम, मोटार वाहन कायदा आणि नोंदींचा कारभार या सगळ्यांचा वाटा असतो. भारतात दरवर्षी विकल्या जाणाऱ्या जुन्या मोटारींची संख्या नव्या मोटारींहून अधिक असल्याचे या व्यवसायातील अंदाज सांगतात. एवढ्या मोठ्या बाजारात किंमत ठरते ती मात्र अजूनही ‘तुम्ही किती सोडता, आम्ही किती चढतो’ याच रीतीने. विकणाऱ्याच्या आकड्यातून खाली येत जाण्याची ही रीत मुळातच खरेदीदाराला तोट्यात टाकणारी आहे, कारण सुरुवातीचा आकडा तो ठरवतो, ज्याला गाडीविषयी सर्वांत जास्त ठाऊक असते.

नव्या गाडीचा धक्का जुन्या भावाला

भाव ठरवताना पहिला विचार नव्या गाडीच्या किमतीचा करावा लागतो आणि या आघाडीवर अलीकडे मोठी उलथापालथ झाली आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यावरील भरपाई उपकरही गेला. चार मीटरपर्यंत लांबीच्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल मोटारींवर एकूण भार २९ टक्के होता. तो १८ वर आल्याने करासह किंमत सुमारे साडेआठ टक्क्यांनी उतरते. मारुतीने त्या वेळी वॅगन आरच्या किमतीत ७९ हजार ६०० रुपयांपर्यंत कपात जाहीर केली होती. नवी गाडी एवढी स्वस्त झाल्यावर तिच्याच जुन्या भावंडाचा भाव जागच्या जागी राहू शकत नाही. मात्र ज्यांनी २०२३ वा २०२४ मध्ये वाढीव किमतीला गाडी घेतली, त्यांच्या मनात जुनाच आकडा घर करून बसलेला असतो आणि तोच जाहिरातीत उतरतो. विकणाऱ्याने गाडीला किती मोजले होते, हा खरेदीदाराच्या विचाराचा विषय होऊ शकत नाही. तशीच दुसरी गाडी आज किती रुपयांत मिळेल, एवढाच आकडा त्याच्या कामाचा.

कराची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी लागते. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेर येथे झालेल्या जीएसटी परिषदेच्या बैठकीत जुन्या मोटारींवरील कर सरसकट १८ टक्के करण्याचा निर्णय झाला. त्यापूर्वी लहान मोटारींना १२ टक्के दर होता. त्या वेळी या निर्णयाविषयी बराच गैरसमज पसरला. हा कर गाडीच्या पूर्ण किमतीवर लागत नाही; नोंदणीकृत व्यापाऱ्याला सुटणाऱ्या नफ्याच्या रकमेवर लागतो. दोन लाखांना घेतलेली गाडी व्यापाऱ्याने दोन लाख तीस हजारांना विकली, तर कर तीस हजारांवर. एका सामान्य माणसाने दुसऱ्याला आपली वापरातली गाडी विकली, तर कराचा प्रश्नच उद्भवत नाही. त्यामुळे शेजाऱ्याच्या वा ओळखीच्या माणसाच्या गाडीला शोरूमवाल्या व्यापाऱ्याच्या भावाची मोजपट्टी लावणे चुकीचे ठरते. व्यापाऱ्याच्या भावात त्याचा नफा, त्यावरील कर, जागेचे भाडे आणि काही ठिकाणी हमीचा खर्च मिसळलेला असतो.

ठाऊक असणारा आणि नसणारा

या बाजाराची खरी व्यथा अमेरिकी अर्थतज्ज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० सालीच मांडली होती. अमेरिकेत सदोष निघालेल्या मोटारीला बोलीभाषेत ‘लिंबू’ म्हणतात. अकरलॉफ यांनी दाखवून दिले, की गाडी चांगली आहे की लिंबू, हे विकणाऱ्याला ठाऊक असते आणि घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा मधला, सरासरी भाव देऊ करतो. या सरासरी भावात चांगली गाडी विकणे परवडत नाही, म्हणून तिचा मालक बाजारातून बाहेर पडतो. मागे उरतात त्यात वाईट गाड्यांचे प्रमाण वाढते, भाव आणखी पडतो आणि हे चक्र चालूच राहते. विषम माहितीच्या बाजारपेठांविषयीच्या या विचारासाठी २००१ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक अकरलॉफ यांना मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासमवेत मिळाले.

सव्वा लाख किलोमीटर धावलेल्या आणि ठोकर लागलेल्या गाडीच्या बाबतीत ही विषमता टोकाला जाते. नुकसान डोळ्यांना दिसते, पण त्याची खोली दिसत नाही. मीटर दिसते, पण ते खरे की खोटे ते दिसत नाही. म्हणूनच अशा गाडीला सांगायच्या किमतीत दोन वेगळे भाग असले पाहिजेत. दिसणाऱ्या कामाचा खर्च हा एक भाग आणि न दिसणाऱ्या जोखमीचे मोल हा दुसरा. बहुतेक खरेदीदार पहिला भाग वजा करतात आणि दुसरा विसरतात. भुर्दंड बसतो तो त्या दुसऱ्या भागात.

मीटर काय सांगते, काय लपवते

शहरी कुटुंबाची गाडी वर्षाला साधारण दहा ते बारा हजार किलोमीटर धावते, असे व्यवसायात ढोबळमानाने धरले जाते. त्या हिशेबाने नऊ वर्षांच्या गाडीला सव्वा लाख हा आकडा थोडा अधिक असला, तरी धास्ती घ्यावी असा नाही. आजची इंजिने, वेळच्या वेळी तेल बदलले असेल तर, एवढ्या अंतरानंतरही बराच काळ चालतात. किलोमीटर कोठे झाले, हे किती झाले याइतकेच महत्त्वाचे असते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर पाचव्या गिअरमध्ये झालेले लाखभर किलोमीटर आणि शहराच्या गर्दीत अर्धा क्लच दाबून झालेले साठ हजार किलोमीटर यांत दुसऱ्या गाडीचा क्लच आणि ब्रेक अधिक झिजलेले असण्याची शक्यता मोठी.

अतिरिक्त धावेचे मोल म्हणूनच किलोमीटरमागे अमुक पैसे, अशा ठोकळ्याने काढता येत नाही. त्या टप्प्यावर गाडीची कोणती कामे उंबरठ्यावर आली आहेत, ते पाहावे लागते. क्लच प्लेट, शॉकअॅब्सॉर्बर, सस्पेन्शनचे बुश आणि बॉल जॉइंट, टायर, बॅटरी ही कामे एक लाखाच्या पुढे एकामागून एक येतात. ज्या इंजिनांत टायमिंग बेल्ट असतो, तेथे तो ठरलेल्या अंतरावर बदलला आहे का, हे पाहणे अटळ आहे. तो चालत्या गाडीत तुटला, तर अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह वाकतात आणि खर्च काही पटींनी वाढतो. डिझेल गाडीत इंजेक्टर आणि टर्बो ही मोठ्या खर्चाची ठिकाणे. यांपैकी जे काम झाल्याची पावती विकणारा दाखवतो, त्याचे पैसे वजा करू नयेत. ज्याची पावती नाही, ते काम झालेले नाही असेच धरावे.

मीटर मागे फिरवण्याची विद्या डिजिटल मीटर आल्याने बंद झाली नाही, उलट सोपी झाली. मीटरची शहानिशा म्हणून गाडीच्या इतर खुणांवरून करावी लागते. ब्रेक आणि क्लचच्या पेडलवरील रबर गुळगुळीत, स्टिअरिंगची पकड घासून चकचकीत, चालकाचे आसन बसलेले आणि मीटरवर मात्र पंचेचाळीस हजार, असे असेल तर मीटर खोटे बोलत आहे. टायरच्या बाजूवर चार अंकी खूण असते. पहिले दोन अंक आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. कमी धावलेल्या गाडीचे मूळ टायर बदललेले असतील, तर त्याचे कारण विचारले पाहिजे. अधिकृत सेवा केंद्रातील जुन्या पावत्यांवर त्या त्या वेळचे किलोमीटर लिहिलेले असतात; मीटर पडताळण्याचा तोच सर्वांत भरवशाचा पुरावा. त्या दृष्टीने पाहिले, तर खऱ्या सव्वा लाखाची गाडी ही खोट्या साठ हजारांच्या गाडीपेक्षा केव्हाही चांगली.

पत्र्यामागचे नुकसान

आता ठोकरीकडे वळू. आजच्या बहुतेक लहान मोटारींना ट्रकसारखी वेगळी चासी नसते. पत्र्याचा सांगाडाच संपूर्ण भार वाहतो. बंपर, फेंडर, बॉनेट, दार हे भाग बोल्टने बसवलेले असतात आणि बदलता येतात. त्यांचे नुकसान खिशाला लागते, पण गाडीच्या जिवाला लागत नाही. याउलट आतले एप्रन, खांब, फरशी आणि पुढच्या लांब पट्ट्या हा सांगाड्याचा भाग. अपघातात धक्का शोषून आतील माणसांना वाचवण्यासाठी त्यांची रचना ठरावीक रीतीने चेपण्यासाठी केलेली असते. एकदा चेपलेला आणि ठोकून सरळ केलेला सांगाडा पुढच्या अपघातात तसाच वागेल, याची खात्री देता येत नाही. येथे प्रश्न केवळ रुपयांचा राहत नाही.

याची परीक्षा फार अवघड नाही. बॉनेट उघडून फेंडरच्या आणि बिजागऱ्यांच्या बोल्टवरील रंग खरवडला आहे का, दोन्ही बाजूंच्या फटी सारख्या आहेत का, वेल्डिंगचे मूळ ठिपके आणि सांध्यांवरील सीलंट डाव्या-उजव्या बाजूला सारखे आहेत का, हे उन्हात पाहावे. सपाट रस्त्यावर स्टिअरिंग सैल धरल्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा पुढचा एकच टायर कडेने झिजला असेल, तर नुकसान चाकाच्या जोडणीपर्यंत गेले आहे. एअरबॅग असलेल्या गाडीत किल्ली फिरवताच त्याचा दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. तो लागतच नसेल, तर एअरबॅग उघडून गेल्यावर नवी न बसवता दिव्याची तार तोडली असण्याचा संशय घ्यावा. गाडी लिफ्टवर चढवून आपल्या विश्वासातल्या मेकॅनिककडून खालून पाहून घेण्यास विकणारा नकार देत असेल, तर भावाची बोलणी तेथेच थांबवणे शहाणपणाचे.

पाण्याचे नुकसान याहून कपटी. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईत असंख्य मोटारी बुडाल्या. २०१५ चा चेन्नईचा, २०१९ चा कोल्हापूर-सांगलीचा आणि २०२१ चा चिपळूणचा पूर ही त्यानंतरची उदाहरणे. पाण्यात बुडालेली गाडी बाहेरून धुऊन-पुसून लखलखीत दिसते. तिच्या वायरिंगमधील गंज मात्र सहा महिन्यांनी, वर्षाने डोके वर काढतो. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढल्यावर दिसणारा पाण्याचा डाग, आसनाखालच्या पट्ट्यांवरील गंज, गालिच्याखालचा चिखल आणि न जाणारा कुबट वास या त्याच्या खुणा. अशी गाडी किती स्वस्तात घ्यावी, या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर ‘घेऊ नये’ हेच आहे.

गाडी न दुरुस्त करताच का विकतात?

ठोकर लागलेली गाडी मालक दुरुस्त न करताच का विकतो, हा प्रश्न प्रत्येक खरेदीदाराच्या मनात येतो आणि त्याचे उत्तर नेहमीच संशयास्पद नसते. विम्याचे गणितच काही वेळा तसे असते. जुन्या गाडीचा दावा मंजूर करताना विमा कंपनी प्लॅस्टिक आणि रबरी भागांची निम्मीच किंमत देते. बंपर आणि हेडलाइट हे सगळे प्लॅस्टिकच. घसारा माफ करणारी जादा विमाछत्रे जुन्या गाड्यांना सहसा मिळत नाहीत. शिवाय दावा केला, की ‘नो क्लेम बोनस’ जातो. सलग पाच वर्षे दावा न केल्यास ही सवलत ५० टक्क्यांपर्यंत पोहोचते. त्यामुळे तीस हजारांच्या कामासाठी दावा करणे मालकाला परवडत नाही आणि गाडी आहे तशी विकणे सोयीचे वाटते.

दुसरी शक्यता याच्या नेमकी उलट असते. दुरुस्तीचा खर्च विमा कंपनीने धरलेल्या मूल्याच्या ७५ टक्क्यांहून अधिक झाला, तर गाडी ‘पूर्ण हानी’ समजली जाते. गाडी जुनी झाल्यावर हे मूल्य इतके उतरलेले असते, की अधिकृत केंद्रातील एका मोठ्या बिलाने ही मर्यादा ओलांडली जाऊ शकते. मग मालक पैसे घेतो, अवशेष लिलावात जातात आणि कोणीतरी ते स्वस्तात उभे करून पुन्हा बाजारात आणतो. गाडी नष्ट झाली वा कायमची निकामी झाली, तर १४ दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवावे, असे मोटार वाहन कायद्याचे ५५ वे कलम सांगते. पण लिलावात विकलेल्या गाडीला ‘कायमची निकामी’ म्हणायचे की नाही, या फटीतून पुष्कळ गाड्या नव्या रंगात रस्त्यावर परततात.

खरेदीदाराच्या हाती यावर एक साधा उपाय आहे, तो म्हणजे चालू विम्याची प्रत पाहणे. त्यावर नो क्लेम बोनसचा टक्का छापलेला असतो. नऊ वर्षांच्या गाडीवर ५० टक्के असतील, तर मालकाने निदान पाच वर्षे दावा केलेला नाही. शून्य असेल, तर नजीकच्या काळात दावा झाला आहे किंवा विमा ९० दिवसांहून अधिक काळ खंडित होता. दोन्हींचे कारण विचारण्याचा अधिकार खरेदीदाराला आहे. हा बोनस मालकाचा असतो, गाडीचा नसतो. नव्या मालकाला तो मिळत नाही, त्यामुळे पुढच्या वर्षीचा हप्ता जुन्या मालकाच्या हप्त्यावरून धरू नये.

आकडा कसा काढावा?

उदाहरणादाखल एक हिशेब मांडता येईल. आकडे केवळ समजावण्यासाठी आहेत. ते गाव, मॉडेल आणि गाडीनुसार बदलतील. समजा, त्याच वयाची, सुस्थितीतील, सर्वसाधारण धावलेली पेट्रोल मोटार त्या शहरात प्रत्यक्षात तीन लाखांना विकली जाते. प्रत्यक्षात म्हणजे जाहिरातीतल्या आकड्याला नव्हे, सौदा ज्यावर तुटतो त्या आकड्याला. समोरच्या गाडीसाठी मागणी आहे दोन लाख साठ हजारांची.

दोन गॅरेजांचे लेखी अंदाज घेतल्यावर बॉडीच्या कामाचा खर्च ३५ हजार निघाला. टायर, क्लच आणि सस्पेन्शन ही उंबरठ्यावरची कामे ४० हजारांची. संपलेला विमा, थकलेली ई-चलने आणि २०१९ पूर्वीच्या गाडीला राहून गेलेली उच्च सुरक्षा पाटी असा कागदांचा खर्च १० हजार. एकूण ८५ हजार वजा करता उरले दोन लाख १५ हजार. येथपर्यंत बरेच जण येतात.

यापुढचा टप्पा न दिसणाऱ्या जोखमीचा. सांगाड्याला इजा असण्याची शक्यता पाचात एक वाटत असेल आणि तसे निघाल्यास ८० हजारांचा फटका बसणार असेल, तर त्या जोखमीचे मोल १६ हजार. इंजिन वा गिअरबॉक्समध्ये ६० हजारांचे काम निघण्याची शक्यता दहात एक, तर त्याचे मोल सहा हजार. शिवाय चार वर्षांनी हीच गाडी विकताना पुढचा खरेदीदारही अपघाताची खूण पाहणार आणि भाव पाडणार. त्यासाठी १५ हजार. हे ३७ हजार वजा केल्यावर उरतात एक लाख ७८ हजार. ही आपली कमाल मर्यादा. बोलणी अर्थातच त्याखालून, एक लाख ६० हजारांच्या आसपास सुरू व्हावीत आणि मर्यादा गाठल्यावर गाडी सोडून देण्याची मनाची तयारी असावी.

आता समजा, विकणाऱ्याने सेवा केंद्राच्या सर्व पावत्या, विम्याचा इतिहास आणि सांगाडा शाबूत असल्याचा तपासणी अहवाल पुढे केला. २२ हजारांची जोखीम पाच हजारांवर आली, तर खरेदीदार एक लाख ९५ हजारांपर्यंत जाऊ शकतो. म्हणजे त्या कागदांच्या फाइलची किंमत १७ हजार रुपये. बंपरला रंग मारून मिळणार नाही एवढा भाव मालकाला प्रामाणिक कागद दाखवून मिळू शकतो. प्रामाणिक विक्रेत्याने ही गोष्ट ध्यानात घेतली, तर त्याला आपली गाडी लिंबांच्या ढिगात टाकावी लागणार नाही.

तळाची मर्यादाही माहीत असावी. २०२१ साली जाहीर झालेल्या भंगार धोरणात नोंदणीकृत केंद्रात दिलेल्या गाडीला नव्या गाडीच्या शोरूम किमतीच्या चार ते सहा टक्के मोबदला सुचवला आहे. शिवाय ठेव प्रमाणपत्रावर नव्या खासगी गाडीच्या पथकरात २५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूद आहे. गाडी पंधरा वर्षांच्या जवळ आली असेल, तर हा तळ फार खाली राहत नाही. नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क हलक्या मोटारीसाठी एप्रिल २०२२ पासून पाच हजार रुपये झाले आणि वीस वर्षांपुढील गाडीसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये ते दहा हजारांवर गेले. महाराष्ट्रात त्यावर पर्यावरण कर आहेच.

परराज्यातली स्वस्ताई

दिल्लीच्या गाड्यांचे आकर्षण हा याच हिशेबाचा पोटविषय. डिझेलला दहा आणि पेट्रोलला पंधरा वर्षांची मर्यादा घालणाऱ्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केलेल्या निर्बंधांमुळे तिकडच्या गाड्या वयाच्या मानाने स्वस्त विकल्या जाऊ लागल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने केवळ वयावरून कठोर कारवाई करण्यास मनाई केली, तर डिसेंबर २०२५ मध्ये ते संरक्षण बीएस-४ आणि त्यापुढील गाड्यांपुरते मर्यादित केले. अशी गाडी पुण्या-नाशकात आणायची, तर मूळ कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र, येथील पथकर आणि फेरनोंदणी यांचा खर्च भावात धरावा लागतो. मूळ राज्यातील कराचा परतावा मिळवण्याची खटपट वेगळीच. दिसणारे पन्नास हजार या वाटेवर बऱ्याच अंशी विरून जातात.

नावाचा प्रश्न

सौदा तुटल्यावरही जोखीम संपत नाही. आर. सी. बुकावरील नाव बदलेपर्यंत कायद्याच्या नजरेत मालक जुनाच असतो. गाडी एकामागून एक अनेक हातांत गेली आणि नोंदणी मूळ मालकाच्याच नावावर राहिली, अशा एका अपघाताच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात नोंदणीकृत मालकालाच भरपाईस जबाबदार धरले. म्हणजे नाव बदलण्याची घाई घेणाऱ्याइतकीच देणाऱ्यालाही हवी. विक्रेत्याने राज्यांतर्गत विक्रीची सूचना १४ दिवसांत द्यायची असते, खरेदीदाराने ३० दिवसांत. कर्जाचा बोजा असेल, तर बँकेचे पत्र आणि बोजा उतरवण्याचा अर्ज हाती आल्याशिवाय विसारापलीकडे रक्कम देऊ नये. गाडीच्या नुकसानीचा विमाही आपोआप नव्या मालकाकडे येत नाही. तो चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्यावा लागतो.

फसवणूक झाल्यास दाद मागण्याची वाटही अरुंद आहे. व्यापाऱ्याकडून घेतलेल्या गाडीसाठी ग्राहक कायद्याचा आधार आहे, पण खासगी व्यवहारात भिस्त १८७२ च्या करार कायद्यावर. हा कायदा खोटे बोलण्याला कपट मानतो, परंतु नुसत्या गप्प राहण्याला सहसा मानत नाही. शिवाय सर्वसाधारण काळजी घेतली असती तर जे कळले असते, त्याविषयी विकणारा गप्प राहिला म्हणून करार मोडता येत नाही. याचा व्यावहारिक अर्थ असा, की प्रश्न विचारले पाहिजेत आणि उत्तरे लेखी घेतली पाहिजेत. गाडीला मोठा अपघात झाला होता का, ती पाण्यात बुडाली होती का, मीटर बदलले आहे का, या तीन प्रश्नांची सहीनिशी उत्तरे असलेला अर्ध्या पानाचा कागद खरेदीदाराला तोंडी शपथांपेक्षा अधिक संरक्षण देतो. त्यावर सही करण्यास होणारी टाळाटाळ हेही एक उत्तरच असते.

माहितीची दारे उघडणार कधी?

ब्रिटनमध्ये कोणत्याही मोटारीचा क्रमांक टाकला, की वार्षिक तपासणीच्या वेळी नोंदवलेले किलोमीटर कोणालाही विनामूल्य पाहता येतात. विमा कंपन्यांनी मोडीत काढलेल्या गाड्यांची तेथे ठरलेली वर्गवारी असते. भारतात ‘वाहन’ या सरकारी प्रणालीमुळे नोंदणी, बोजा, विमा आणि चलने यांची माहिती आता हाताशी आली, ही मोठी सुधारणा होय. जुन्या मोटारींच्या व्यापाऱ्यांना अधिकृतता प्रमाणपत्र बंधनकारक करणारे नियमही एप्रिल २०२३ पासून लागू झाले. पण गाडीचे मोल ज्यावर खरोखर ठरते, ते म्हणजे वेळोवेळचे किलोमीटर, अपघाताचे दावे आणि पूर्ण हानीचा शेरा, ही माहिती सामान्य खरेदीदाराला सहज मिळत नाही. ती अस्तित्वात नाही असे नाही. दाव्यांची माहिती विमा कंपन्यांकडे आणि हैदराबादच्या विमा माहिती ब्युरोकडे असते, किलोमीटर सेवा केंद्रांच्या संगणकांत असतात. गरज आहे ती हे तुकडे जोडून गाडीच्या क्रमांकामागे उभे करण्याची.

तोवर खरेदीदाराने अज्ञाताचे मोल स्वतःच लावावे लागणार. त्याची किंमत सावध खरेदीदार विक्रेत्याकडून वसूल करतो, भोळा खरेदीदार स्वतः भरतो आणि प्रामाणिक विक्रेत्याला ती विनाकारण सोसावी लागते. लपवणारा तेवढा नफ्यात राहतो. सव्वा लाख किलोमीटर धावलेली, ठोकर लागलेली गाडी घेणे हा मूर्खपणा नाही. अनेक कुटुंबांसाठी तोच परवडणारा मार्ग आहे. मात्र भाव सांगण्यापूर्वी आपल्याला काय दिसते, याच्या यादीशेजारी आपल्याला काय दिसत नाही, याचीही यादी करावी. दुसरी यादी जेवढी लांब, तेवढा सांगायचा आकडा खाली.